आजच्या मापाचे कपडे, आजपासूनच चालणे

मोठ्या मापाच्या व्यक्तींसाठी परवडणारा, आरामदायी आणि सुरक्षित पोशाख
चेन्नई येथील मराठीभाषक कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

डॉक्टरांनी "रोज अर्धा तास चाला" असे सांगितले, म्हणून आपण पहाटे मरीनावर किंवा घराजवळच्या उद्यानात जाऊ लागता. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूस आग होऊ लागते. तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटते, काखेत कपडा काचतो, आणि चौथ्या दिवशी आपण घरीच थांबता. घरातील माणसे याला आळस म्हणतात. आपणही मनातल्या मनात तेच म्हणता. वस्तुतः अनेकदा दोष इच्छाशक्तीचा नसतो, कपड्याचा असतो.

शरीर स्थूल असलेल्या व्यक्तीस व्यायामाची गरज अधिक असते, आणि व्यायामास योग्य असा कपडा मात्र तिलाच सर्वांत कठीणपणे मिळतो. मिळाला तर महाग असतो. स्वस्त असला तर मापाचा नसतो. "आधी वजन कमी करू, मग चांगले कपडे घेऊ" असा विचार करून अनेक जण वर्षानुवर्षे थांबतात. हे पत्रक एवढेच सांगू इच्छिते की, हा क्रम उलटा आहे. आज शरीराचे जे माप आहे त्या मापाचा कपडा आज मिळाला, तरच चालणे टिकते. असा कपडा थोडक्या खर्चात कसा मिळवावा, कसा शिवून घ्यावा आणि त्वचेची काळजी कशी घ्यावी, याची माहिती पुढे दिली आहे.

हा प्रश्न किती जणांचा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. तमिळनाडूत हेच प्रमाण स्त्रियांमध्ये ४०.४ टक्के आणि पुरुषांमध्ये ३७ टक्के आढळले. म्हणजे आपण राहता त्या राज्यात दर दहा स्त्रियांपैकी चौघींना या पत्रकाचा उपयोग आहे. दुकानात मोठ्या मापाचा कपडा मागताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

या सर्वेक्षणात उंची-वजनाचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक असणे ही मर्यादा धरली आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, उंची १५० सेंटीमीटर आणि वजन ६० किलो असल्यास तो सुमारे २६.७ येतो. भारतीयांमध्ये पोटावरील चरबीमुळे मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी वजनावरही उद्भवतो, म्हणून आपल्याकडे २३ पासूनच सावध राहण्यास सांगितले जाते. कमरेचा घेर स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा आणि पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यास रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. वजन काट्यावर फारसे उतरले नाही तरी नियमित चालण्याने रक्तशर्करा, रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती यांना लाभ होतो. तमिळनाडू शासनाने ४ नोव्हेंबर २०२३ रोजी 'नडप्पोम् नलम् पेऱुवोम्', म्हणजे 'चालू या, आरोग्य मिळवू या', हा उपक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग निश्चित केला असून चेन्नईतील मार्ग बेसंटनगर भागात आहे. प्रत्यक्षात कोणी आठ किलोमीटर चालावे असा आग्रह नाही. दहा मिनिटांपासून आरंभ करावा. त्या दहा मिनिटांत कपडा टोचू नये, हे पाहावे.

काचणे का होते?

त्वचेवर त्वचा किंवा त्वचेवर ओला कपडा वारंवार घासला की वरचा थर सोलवटतो. मांड्यांचा आतला भाग, काखा, स्तनांखालची घडी, पोटाखालची घडी आणि कमरेची नाडी बसते ती जागा, ही त्याची नेहमीची ठिकाणे. चेन्नईच्या हवेत वर्षातील बराच काळ आर्द्रता अधिक असते. त्यामुळे घाम लवकर सुकत नाही, आणि ओली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक घासली जाते. अशा ओलसर घडीत पुढे बुरशीचा संसर्ग वाढतो. गोलाकार, खाजणारे चट्टे उठतात. त्यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो.

यावर आपल्याकडे जुना उपाय होता. शेतात, घाटावर, चढणीवर काम करणाऱ्या स्त्रिया नऊवारी लुगड्याचा कासोटा घालत. त्यामुळे दोन्ही मांड्यांमध्ये कापडाचा थर राहत असे, पाय मोकळे होत आणि वाकता-बसता येत असे. तंजावरच्या मराठी घराण्यांनी हा पोशाख तमिळ देशातही जपला. पाचवारी साडीखाली किंवा गाऊनखाली मात्र मांड्यांमध्ये असा थर राहत नाही. आज रोज कासोटा नेसणे सर्वांना शक्य नसले, तरी त्यामागील तत्त्व तेच ठेवावे : मांड्यांमध्ये मऊ कापडाचा एक थर असावा.

पोशाख कसा असावा?

आतील कपडा. खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च येथे करावा. मांडीच्या मध्यापर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत येणारी, ताणणाऱ्या विणीची, अंगाला लागून बसणारी आतील चड्डी काचणे सर्वांत अधिक थांबवते. ती साडी, सलवार, लुंगी, वेष्टी किंवा पँट यांपैकी कशाच्याही आत घालता येते. चालताना तिची कड वर गुंडाळली जात असेल तर माप लहान आहे किंवा लांबी अपुरी आहे, असे समजावे.

छातीचा आधार. स्त्रियांनी चालण्यासाठी रुंद पट्ट्यांची, खाली रुंद इलॅस्टिकची ब्रा निवडावी. स्तनांखालचा घेर आणि स्तनांवरचा घेर अशी दोन्ही मापे घ्यावीत. खांद्यावर खोल वळ उठत असतील तर पट्ट्या अरुंद आहेत, किंवा खालचा घेर सैल असल्यामुळे सर्व भार खांद्यांवर येत आहे. स्तनांखाली घाम साचत असल्यास तेथे सुती कापडाची पातळ घडी ठेवावी आणि परत आल्यावर ती काढावी.

वरचा कपडा. अर्धा तास संथ चालण्यासाठी पातळ, फिकट रंगाचा, सैल सुती कुर्ता किंवा बनियनच्या कापडाचा सदरा पुरेसा आहे. सुती कापड घाम शोषते, पण धरूनही ठेवते. त्यामुळे तासाहून अधिक चालणे, धावणे, सायकल चालवणे किंवा डोंगर चढणे असेल तर लवकर वाळणारे पातळ पॉलिस्टर किंवा मिश्र धाग्याचे विणलेले कापड सोयीचे ठरते. जाड, चमकदार व हवा न जाणारे कापड टाळावे. कुर्त्यास दोन्ही बाजूंनी लांब कट असावेत, म्हणजे पाऊल मोकळे पडते.

खालचा कपडा. मांड्यांच्या जोडावर, जेथे चारही शिलाया एकत्र येतात, तेथे कपडा प्रथम फाटतो व काचतो. त्या ठिकाणी चौकोनी जोड-तुकडा बसविलेला असेल तर हालचाल मोकळी होते आणि कपडा अधिक टिकतो. कमरेस नाडीऐवजी रुंद, मऊ इलॅस्टिक घ्यावे.

पादत्राणे. पुढचा भाग रुंद असलेला बूट घ्यावा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. मधुमेह असल्यास अनवाणी चालू नये, वाळूतही नाही. घट्ट रबर असलेले मोजे घालू नयेत आणि रोज तळवे पाहावेत.

नाडीविषयी विशेष सूचना

परकराची किंवा सलवारीची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेवर काळा वळ पडतो, त्वचा जाड होते, खाज येते आणि कधी जखम होते. १९४५ मध्ये मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी धोतर बांधण्याच्या जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागी बऱ्या न होणाऱ्या व्रणातून कर्करोग झालेल्या दोन वयस्क महिलांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. असे रुग्ण अत्यंत विरळ आहेत. घाबरण्याचे कारण नाही. परंतु कंबर जितकी अधिक, तितकी नाडी रुतण्याची शक्यता अधिक. नेफा तीन-चार बोटे रुंद ठेवावा, गाठीची जागा रोज बदलावी, घरी असताना सैल कपडे वापरावेत. कमरेवरील जखम चार आठवड्यांत भरून आली नाही तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

माप घरीच घ्या

दुकानातील 'एक्सएल', 'डबल एक्सएल', 'थ्री एक्सएल' ही अक्षरे फसवी असतात. एका कंपनीचे डबल एक्सएल हे दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलएवढे निघते. अनेक कंपन्यांची मापे परदेशी शरीरमापांवर बेतलेली आहेत. भारतीय शरीरांनुसार मापांचा तक्ता तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशातील सहा शहरांत २५ हजार व्यक्तींची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणासाठी. म्हणून अक्षरावर न जाता सेंटीमीटरवर जावे.

टेप नसल्यास दोरा घेऊन तो पट्टीवर मोजावा. पातळ कपड्यावरून, श्वास न रोखता, सरळ उभे राहून पुढील मापे घ्यावीत आणि कागदावर तारखेसह लिहून ठेवावीत.

१. छाती : सर्वांत भरलेल्या भागावरून.
२. कंबर : नाभीच्या पातळीवर. पोट आत ओढू नये.
३. सीट : नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून.
४. मांडी : वरच्या बाजूस, सर्वांत जाड भागावर.
५. दंड : काखेच्या किंचित खाली.
६. बैठक : कमरेच्या पुढच्या मध्यापासून दोन्ही पायांमधून मागच्या मध्यापर्यंत.

शेवटची तीन मापे सहसा कोणी घेत नाही आणि कपडा नेमका तेथेच अडतो. सैल सुती कपड्यासाठी छाती व सीट यांच्या मापात सुमारे १० सेंटीमीटर मिळवावेत. ताणणाऱ्या आतील कपड्यासाठी काही मिळवू नये.

दुकानात कपडा सपाट पसरून काखेखालील रुंदी मोजावी आणि तिची दुप्पट करावी. तोच त्या कपड्याचा घेर. तयार कपड्यावर मापाच्या अक्षराबरोबर सेंटीमीटर किंवा मीटरमधील माप आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे वैध मापनविषयक नियमांनुसार आवश्यक आहे. लेबलावरील आकडा शरीराचा आहे की कपड्याचा, हे मात्र विचारून घ्यावे.

घालून पाहताना आरशासमोर केवळ उभे राहू नये. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, मांडी घालून बसावे, एक पाय पायरीइतका उचलावा आणि एक मिनिट जागच्या जागी चालावे. कपडा वर सरकला, टोचला किंवा वारंवार ओढावा लागला, तर तो आपला नव्हे.

चेन्नईत कोठे व केव्हा पाहावे?

पुढील माहिती केवळ परिसरांची आहे. कोणत्याही विशिष्ट दुकानाची शिफारस नाही.

त्यागरायनगर, म्हणजे टी. नगर, येथील पाँडी बाजार, उस्मान रस्ता आणि मांबलम् स्थानकालगतची रंगनाथन गल्ली या भागांत तयार कपडे सर्व दरांत मिळतात. गर्दी टाळण्यासाठी सुटीचा दिवस सोडून सकाळी जावे. दुकानदारास माप काढून दाखवायला तेव्हाच वेळ असतो. उत्तर चेन्नईत राहणाऱ्यांना जुन्या वॉशरमनपेटमधील एम. सी. रस्ता जवळ पडतो. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त सौकारपेठेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पॅरीज कॉर्नरजवळची गोडाऊन गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती घाऊक कापडाची पेठ आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून कापड घेतल्यास दर कमी पडतो. एग्मोर येथील पँथिअन रस्त्यावर को-ऑप्टेक्स, म्हणजे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या हातमाग विणकर सहकारी संस्थेचे विक्रीकेंद्र आहे. तेथे सुती कापड व साड्या मिळतात आणि सणासुदीस सूट असते.

याच राज्यातील तिरुप्पूर हे बनियनच्या विणलेल्या कापडाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. तेथून परदेशी जाणाऱ्या मालातील उरलेला माल चेन्नईच्या बाजारात येतो. परदेशी मापे मोठी असल्याने त्यात मोठ्या मापाचे टी-शर्ट व ट्रॅकपँट मिळण्याची शक्यता अधिक असते. असा माल घेताना शिलाई, डाग व भोके उजेडात तपासावीत.

तमिळ आडि महिन्यात, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, शहरभर 'आडि तळ्ळुपडि' म्हणजे सवलतीची विक्री असते. वर्षाची खरेदी तेव्हा केल्यास बचत होते. मात्र चालणे त्या महिन्यापर्यंत पुढे ढकलू नये.

तमिळ येत नसेल तर पुढील वाक्ये उपयोगी पडतील. "इन्नुम् पेरिय साइझ इरुक्का?" म्हणजे याहून मोठे माप आहे का? "पोट्टुप् पाक्कलामा?" म्हणजे घालून पाहू का? सुती कापडास 'परुत्ति', मापास 'अळवु' आणि शिंप्यास 'तैयल्कारर' म्हणतात. मापांचा कागद दुकानदारापुढे ठेवला तर फारसे बोलावेही लागत नाही, आणि चार लोकांत आपले माप मोठ्याने सांगण्याचा संकोच टळतो.

पैसे देण्यापूर्वी "माप न जुळल्यास बदलून मिळेल का, किती दिवसांत?" हे विचारावे व बिलावर लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास विक्रेत्याने नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माप न जुळणे हा मात्र मालाचा दोष मानला जाईलच असे नाही. म्हणून आधी विचारणे महत्त्वाचे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शिवून घेणे अनेकदा स्वस्त पडते

तयार कपड्यात मोठ्या मापास अधिक किंमत लावली जाते. शिंपी मात्र सहसा शिलाई तेवढीच घेतो. वाढते ते थोडे कापड. कापड घेताना पन्हा पाहावा. अरुंद पन्ह्यात मोठे माप बसविताना जोड द्यावे लागतात व कापड वाया जाते. रुंद पन्ह्यात तोच कुर्ता कमी लांबीत निघतो. सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटते.

शिंप्यास तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. मांड्यांच्या जोडावर चौकोनी तुकडा बसवावा. काखेतही तसाच लहान तुकडा द्यावा. बाजूच्या शिलाईत दोन बोटे माया ठेवावी. मायेमुळे कपडा उसवून सैल करता येतो आणि माप कमी झाल्यास आत घेता येतो. वजन बदलले म्हणून कपडा वाया जाईल, ही भीती मायेमुळे उरत नाही.

घरातील जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी फेकू नये. तिच्यातून चालण्यासाठीचे दोन सैल कुर्ते निघू शकतात, आणि नव्या खळ लावलेल्या कापडापेक्षा ते त्वचेस सौम्य असतात. विरळ झालेला भाग बाजूला ठेवून मजबूत भागच वापरावा.

किती कपडे हवेत? आतील चड्ड्या तीन, खालचे कपडे दोन, वरचे कपडे दोन, आणि स्त्रियांसाठी आधार देणाऱ्या ब्रा दोन. एवढ्यात रोज धुऊन आलटून-पालटून वर्ष निघते. किमतीकडे पाहताना वापराचे दिवसही मोजावेत. ६०० रुपयांची चांगली आतील चड्डी १५० दिवस वापरली तर दिवसास चार रुपये पडतात. २०० रुपयांची, पण टोचते म्हणून चार दिवसांत कपाटात गेलेली चड्डी दिवसास ५० रुपयांना पडते.

त्वचेची काळजी

चालण्यास निघण्यापूर्वी घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. परत आल्यावर घामाचे कपडे त्वरित बदलावेत, स्नान करावे आणि घड्या मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल्या त्वचेवर पावडर टाकू नये. तिच्या गुठळ्या होऊन त्या अधिक घासतात. घामाचा कपडा न धुता दुसऱ्या दिवशी घालू नये. कपडे उन्हात, उलट बाजूने वाळवावेत. घरातील व्यक्तींनी एकमेकांचे टॉवेल व आतील कपडे वापरू नयेत.

खाज किंवा चट्टे उठल्यास औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नये. अशा अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते, त्वचा पातळ होते आणि पुढे तो संसर्ग बरा होण्यास महिने लागतात. जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात त्वचा दाखवावी आणि औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावे.

ऊन आणि पाऊस

एप्रिल ते जूनमध्ये सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतर चालावे. दुपारी १२ ते ३ या वेळेत बाहेरचे श्रम टाळावेत. टोपी किंवा ओलसर पंचा डोक्यावर घ्यावा. सोबत पाणी ठेवावे. घाम फार गेला असल्यास ओआरएस, लिंबू-मीठ-साखर पाणी किंवा पातळ ताक घ्यावे. मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाचा आजार असल्यास मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

वजन उतरवण्यासाठी म्हणून विकले जाणारे प्लास्टिकचे किंवा रबरी 'घामाचे' सदरे व पोटाचे पट्टे वापरू नयेत. त्यांनी चरबी जात नाही. केवळ पाणी जाते आणि ते पाणी प्यायल्यावर परत येते. चेन्नईच्या उष्म्यात असा कपडा घालून चालल्यास उष्माघात होऊ शकतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाच्या काळात जाड प्लास्टिकच्या रेनकोटपेक्षा छत्री बरी. रेनकोटमध्ये घामानेच अंग भिजते. साचलेल्या पाण्यातून चालू नये. पायास जखम असताना अशा पाण्यातून गेल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्या दिवशी इमारतीच्या व्हरांड्यात किंवा घरातच चालावे. चालण्याचा नेम मोडू नये.

कुटुंबीयांना विनंती

स्थूल व्यक्तीच्या कपड्यांवर किंवा चालण्यावर थट्टेने बोलू नये. टोमणा ऐकून कोणाचे वजन कमी होत नाही. तो माणूस केवळ बाहेर पडणे सोडतो. सासूबाई सलवार-कुर्ता घालून चालायला निघाल्या, तर तो त्यांच्या औषधाचाच भाग आहे असे समजावे. साडीच सोयीची वाटत असेल तर ती घोट्याच्या वर नेसून आत चड्डी घालावी. वाढत्या वयाच्या मुलामुलींना शाळेचा खेळाचा गणवेश घट्ट होत असेल तर मोठ्या मापाचा गणवेश द्यावा अशी शाळेस विनंती करावी. मैदानाच्या कडेला उभे राहण्याची सवय बहुधा तेथूनच लागते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• घडीतील त्वचा फाटली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप आला.
• मधुमेह असून पायास किंवा घडीत कोणतीही जखम झाली.
• मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसू लागली. ही मळाची खूण नसून बहुधा शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी झाल्याची खूण असते, रक्तशर्करा तपासावी.
• एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली.
• चालताना छातीत दाब, असह्य धाप, चक्कर किंवा डाव्या हातात वेदना झाल्या. अशा वेळी त्वरित थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पूर्वी हृदयविकार झाला असल्यास, गुडघे तीव्र दुखत असल्यास किंवा रक्तदाब आटोक्यात नसल्यास चालणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आजच करावयाची गोष्ट

आज रात्री एक दोरा, एक पट्टी आणि एक कागद घ्यावा व वरील सहा मापे लिहून काढावीत. कपाट उघडून त्या मापांत बसणारे व चालताना न काचणारे कपडे वेगळे काढावेत. बहुतेक घरांत वरचा कपडा निघतो. उणीव असते ती आतील चड्डीची. ती एक वस्तू या आठवड्यात आणावी किंवा शिवण्यास द्यावी. उद्या पहाटे, आहे त्या कपड्यांत, घासणाऱ्या जागी जेली लावून, दहा मिनिटे चालून यावे.

कपडा शरीरासाठी असतो. शरीर कपड्यात बसवण्यासाठी नसते. आपले माप काहीही असो, मोकळ्या हवेत चालण्याचा अधिकार आपला आहे.

जनहितार्थ प्रसारित. हे पत्रक वाचून झाल्यावर कृपया शेजाऱ्यांस द्यावे.